हेक्स: बरोबरीला जागाच नसलेला खेळ

हेक्सचा पट षटकोनी घरांचा, तिरक्या चौकोनाच्या आकाराचा. लाल खेळाडूने वरचा काठ खालच्या काठाला जोडायचा, निळ्याने डावा काठ उजव्या काठाला. दोघांनी आळीपाळीने एकेक सोंगटी रिकाम्या घरात ठेवायची. ठेवलेली सोंगटी हलत नाही, मरत नाही, उचललीही जात नाही. ज्याच्या सोंगट्यांची सलग साखळी त्याच्या दोन्ही काठांना आधी भिडेल तो जिंकला. नियम इथे संपले.

इतक्या कमी नियमांत इतका खोल खेळ क्वचितच सापडतो. त्याची खोली एका गोष्टीतून येते: हेक्समध्ये बरोबरी होऊच शकत नाही. त्यामुळे स्वतःची वाट बांधणं आणि समोरच्याची वाट अडवणं ही दोन कामं वेगळी राहत नाहीत. एकाला पाणी वरून खाली न्यायचंय, दुसऱ्याला काठापासून काठापर्यंत बंधारा घालायचाय. बंधारा पुरा झाला की पाणी अडलं, आणि पाणी गेलं तर बंधारा फुटला. तिसरी शक्यता नाही. पुढचे सगळे डावपेच यातूनच निघतात.

पट कसा आखायचा

प्रचलित पट ११ बाय ११ चा, म्हणजे १२१ घरांचा. षटकोनी जाळीचा कागद छापून घेता येतो. एका घराच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर १.७ सेंमी ठेवलं, तर पूर्ण पट सुमारे २७ सेंमी रुंद आणि १७ सेंमी उंच होतो. आडव्या ए-फोर कागदावर तो बसतो आणि काठ रंगवायलाही जागा उरते. घर २ सेंमीचं केलं तर रुंदी ३२ सेंमी होते आणि पट कागदाबाहेर जातो.

पहिल्या ओळीत शेजारी शेजारी ११ घरं. दुसरी ओळ तिच्याखाली, पण अर्धं घर उजवीकडे सरकवून. तिसरी आणखी अर्धं घर उजवीकडे. नवशिक्यांची चूक इथे होते: एक ओळ उजवीकडे आणि पुढची परत डावीकडे, अशी आलटून पालटून सरकवली की तिरका चौकोन न होता आयत होतो, आणि दोघांची अंतरं सारखी राहत नाहीत. सरकणं कायम एकाच दिशेला हवं.

वरचा आणि खालचा काठ लाल रंगवा, डावा आणि उजवा निळा. चार कोपऱ्यांतली घरं दोन्ही रंगांच्या काठांची धरली जातात. लेखात पुढे उदाहरणं आहेत, म्हणून घरांना नावं देऊ. उभे स्तंभ डावीकडून क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ, ड. ओळी वरून खाली १ ते ११. मधलं घर छ६. त्याचे सहा शेजारी: त्याच ओळीत च६ आणि ज६, वर छ५ आणि ज५, खाली च७ आणि छ७. या सहा घरांवर एकदा बोट ठेवून पाहा. शेजार नीट डोळ्यांत बसला नाही, तर पुढचं काहीच धड दिसणार नाही.

क१ आणि ड११ हे टोकदार कोपरे, त्यांना दोनच शेजारी. ड१ आणि क११ हे बोथट कोपरे, त्यांना तीन.

सोंगट्या कोणत्याही दोन रंगांच्या चालतात. पट पूर्ण भरला तर पहिल्याला ६१ आणि दुसऱ्याला ६० लागतील, पण तिथवर डाव सहसा जात नाही. कागदावर दोन रंगांच्या पेन्सिलींनी गोल भरत खेळलं तरी काही बिघडत नाही, कारण सोंगटी कधी हलवायचीच नसते.

अदलाबदलीचा नियम

वर सांगितले तेवढेच नियम ठेवले, तर पहिल्या खेळाडूला फार मोठा फायदा मिळतो. तो मधलं घर घेतो आणि तिथून त्याला रोखणं कठीण जातं. म्हणून समजून खेळणारे सगळे एक जास्तीचा नियम पाळतात. पहिल्याने एक लाल सोंगटी ठेवायची. दुसऱ्याने ती पाहून ठरवायचं: निळा होऊन पुढे खेळायचं, की लाल बाजू सोंगटीसकट स्वतःकडे घ्यायची. बाजू घेतली तर पहिला खेळाडू निळा होतो आणि पुढची खेळी त्याची. ही अदलाबदल डावात एकदाच, आणि फक्त दुसऱ्या खेळीच्या वेळी.

याचा परिणाम असा की पहिल्याला फार चांगली खेळी करून भागत नाही, ती हातातून जाते. फार वाईट खेळीही उपयोगाची नाही, ती त्याच्याच गळ्यात राहते. क१ या टोकदार कोपऱ्यात सुरुवात केली तर समोरच्याकडे हमखास जिंकण्याची रीत असते, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. छ६ तर हमखास हिसकावलं जाणार. चांगली सुरुवात या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, बहुधा काठाजवळच्या घरांत सापडते. दुसऱ्या बाजूने बसला असाल आणि मनात शंका असेल, तर सोंगटी मध्यभागाकडे आहे का तेवढं पाहा. असेल तर बाजू घ्या.

षटकोनच का

चौरस घरांच्या पटावर हा खेळ बसत नाही. चौरसांच्या जाळीत एका बिंदूपाशी चार घरं भेटतात. त्यातली तिरकी दोन लाल आणि तिरकी दोन निळी असली, की कोंडी होते: तिरका शेजार धरला तर दोघांच्या वाटा एकमेकींना छेदून जातात, नाही धरला तर दोघांच्याही तुटतात. षटकोनांच्या जाळीत प्रत्येक बिंदूपाशी तीनच घरं भेटतात, आणि तिथे अशी कोंडी शक्य नाही.

याच गोष्टीवरून बरोबरी होत नाही हे सिद्ध करता येतं. सगळी १२१ घरं भरली आहेत असं समजा. वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल काठ आणि निळा काठ भेटतात, तिथून घरांच्या मधल्या रेषेवरून आत चालू लागा. अट एकच: डाव्या हाताला कायम लाल, उजव्या हाताला कायम निळं. प्रत्येक बिंदूपाशी समोर एक नवं घर येईल. ते लाल असेल तर उजवीकडे वळा, निळं असेल तर डावीकडे. वाट प्रत्येक वेळी एकच असते, त्यामुळे तुम्ही अडकत नाही, आणि एका बिंदूवर दोनदा येणंही शक्य नसतं. घरं मोजकी आहेत, म्हणजे कधीतरी बाहेर पडावंच लागणार, आणि बाहेर पडायला उरलेले कोपरेच आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडलात तर उजव्या हाताला निळ्याची सलग साखळी डावीकडून उजवीकडे गेलेली असते. खालच्या डाव्या कोपऱ्यातून पडलात तर डाव्या हाताची लाल साखळी वरून खाली पोहोचलेली असते. खालच्या उजव्या कोपऱ्यात रंगांच्या बाजू उलट्या पडतात, म्हणून तिथून बाहेर पडताच येत नाही. कोणी ना कोणी जिंकलेलंच असतं.

अमेरिकन गणिती डेव्हिड गेल यांनी १९७९ मध्ये दाखवलं की हे विधान आणि ब्राउवर यांचं स्थिरबिंदूचं प्रसिद्ध प्रमेय (चकती न फाडता तिच्यातच कशीही ताणली-मुरडली तरी निदान एक बिंदू जागेवरच राहतो, असं सांगणारं) एकमेकांतून सिद्ध करता येतात. पटावरच्या खेळातली वस्तुस्थिती गणिताच्या इतक्या गाभ्याशी जाऊन मिळते, हे हेक्सचं खरं वैभव आहे.

दोन ठिकाणी जन्म

हेक्स पहिल्यांदा लोकांसमोर आला तो डेन्मार्कमध्ये, १९४२ साली. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. पीट हाइन हे कवी, गणिताचे जाणकार आणि पुढे रचनाकार म्हणूनही गाजलेले गृहस्थ. नकाशे रंगवायला चार रंग पुरतात का, या जुन्या प्रश्नावर विचार करताना त्यांना हा खेळ सुचला असं सांगितलं जातं. २६ डिसेंबर १९४२ रोजी ‘पोलिटिकेन’ या दैनिकात त्यांनी तो ‘पॉलिगॉन’ या नावाने छापला. छापील पटांच्या वह्या विकायला आल्या आणि लोक पेन्सिलीने खेळू लागले.

१९४८-४९ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉन नॅश या तरुण विद्यार्थ्याला हाच खेळ सुचला, आणि तो स्वतंत्रपणे सुचला असं सामान्यतः मानलं जातं. हेच नॅश, ज्यांना पुढे १९९४ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रिन्स्टनमधला पहिला पट गेल यांनी तयार केला. तिथली मुलं खेळाला ‘नॅश’ म्हणायची, नाहीतर ‘जॉन’. १९५२ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो ‘हेक्स’ नावाने बाजारात आणला. पण जगभर त्याची ओळख झाली ती जुलै १९५७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याबद्दल लिहिल्यावर.

पहिला का जिंकतो, आणि तरी खेळ का संपत नाही

नॅश यांनी दाखवलं की अदलाबदलीचा नियम नसेल तर पहिल्या खेळाडूकडे जिंकण्याची रीत असतेच. युक्तिवाद मोजक्या वाक्यांचा आहे. समजा, अशी रीत दुसऱ्याकडे आहे. मग पहिल्याने कुठेही एक सोंगटी ठेवावी, ती विसरावी आणि दुसऱ्याचीच रीत वापरावी. रीतीने सांगितलेल्या घरात आपली सोंगटी आधीच असेल तर आणखी कुठेही एक ठेवावी. हेक्समध्ये स्वतःची जास्तीची सोंगटी कधीच नुकसान करत नाही. म्हणजे दोघंही जिंकणार, आणि ते अशक्य आहे. बरोबरी होत नसल्यामुळे जिंकण्याची रीत पहिल्याकडेच उरते.

ती रीत कोणती, हे मात्र युक्तिवाद सांगत नाही. ३ बाय ३ वर ती उघड दिसते, ७ बाय ७ वर कष्टाने हाताला लागते. ९ बाय ९ वरच्या प्रत्येक सुरुवातीचा निकाल कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये संगणकाने लावला. ११ बाय ११ ची पूर्ण रीत त्यापलीकडची आहे. सर्वसाधारण हेक्सचा निकाल काढणं गणनेच्या दृष्टीने अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात बसतं, हे श्टेफान रायश यांनी १९८१ मध्ये सिद्ध केलं.

पट असमान असेल तर गंमत वेगळीच. ७ बाय ८ च्या पटावर ज्याचे काठ एकमेकांच्या जवळ आहेत तो दुसऱ्यांदा खेळूनही जिंकतो: घरांच्या ठरावीक जोड्या लावायच्या, आणि समोरच्याने जोडीतलं एक घेतलं की आपण दुसरं घ्यायचं. बेल प्रयोगशाळेतल्या क्लॉड शॅनन यांनी असं एक यंत्र बनवलं होतं. उत्तर तत्काळ तयार असायचं, पण यंत्र विचार करतंय असं वाटावं म्हणून मुद्दाम थोडा उशीर लावलेला. घरं मोजून पाहण्याचं फारसं कोणाच्या मनात यायचं नाही. घरी पट आखताना दोन्ही बाजूंची घरं मोजून घ्यायची, ती याचसाठी.

पूल: पहिलं आणि सर्वांत मोठं हत्यार

आता प्रत्यक्ष खेळू. नवशिका लाल खेळाडू छ६ वर सोंगटी ठेवतो आणि तिला चिकटून छ७, मग छ८ असं रांगत जातो. हे फार हळू आहे. त्याऐवजी छ६ वरून थेट च८ वर उडी मारा. या दोन घरांना च७ आणि छ७ असे दोन सामाईक शेजारी आहेत. निळ्याने च७ घेतलं तर आपण छ७ घ्यायचं, छ७ घेतलं तर च७. एका खेळीत त्याला दोन्ही घेता येत नाहीत, म्हणजे सोंगट्या जोडलेल्याच आहेत. याला पूल म्हणू. काठापासून दूर असलेल्या प्रत्येक घरापासून असे सहा पूल निघतात.

पुढे च८ वरून घ१० वर पूल, मधली घरं घ९ आणि च९. घ१० खालच्या काठापासून दुसऱ्या ओळीत आहे. तिच्याखाली ग११ आणि घ११ ही काठाची दोन घरं मोकळी असतील तर तिथेही तोच न्याय. वरच्या बाजूला छ६ वरून ज४, तिथून झ२, आणि काठाला झ१ किंवा ट१. म्हणजे झ२, ज४, छ६, च८, घ१० या पाच सोंगट्या बसल्या आणि मधल्या जोड्या मोकळ्या असल्या, की ११ बाय ११ वरचा डाव लालने जिंकलेला आहे. उरतं ते फक्त उत्तरं देणं.

पुलाबाबत तीन चुका वारंवार होतात. पहिली, कोणी हल्ला केला नसताना पूल भरून टाकणं. ती खेळी फुकट जाते, आणि हेक्समध्ये एक फुकट खेळी बहुधा डाव घालवते. दुसरी, दोन पुलांमध्ये एक घर सामाईक ठेवणं. निळा नेमक्या त्याच घरात बसतो, दोन्ही पूल एकदम धोक्यात येतात आणि आपण एकच वाचवू शकतो. तिसरी जास्त बारीक आहे. निळा पुलात घुसतो, आपण उत्तर देतो, पूल टिकतो. पण घुसलेली निळी सोंगटी आता तिथे कायमची आहे आणि शेजारच्या लढाईत त्याला मदत करते. म्हणून पूल बांधताना नुसतं तो टिकेल का एवढं पाहून चालत नाही, घुसून समोरच्याला काय मिळेल तेही पाहावं लागतं.

काठ आणि शिडी

काठापासून तिसऱ्या ओळीतली एकटी सोंगटीसुद्धा काठाला पक्की जोडलेली असू शकते. लाल सोंगटी छ९ वर आहे आणि पुढची आठ घरं मोकळी आहेत असं धरा: ज९, च१०, छ१०, ज१०, आणि काठावर घ११, च११, छ११, ज११. लालकडे दोन वेगळ्या वाटा आहेत. एक, च१० घेऊन घ११ किंवा च११ कडे. दुसरी, ज१० वर पूल बांधून छ११ किंवा ज११ कडे. या दोन वाटांत एकही घर सामाईक नाही. निळा एकीत घुसला की लाल दुसरी घेतो. हा साचा आणि त्याची आरशातली प्रतिमा पाठच करून ठेवा. प्रत्येक डावात तो कामी येतो. चौथ्या ओळीतल्या एकट्या सोंगटीलाही असा साचा असतो, पण त्याला कितीतरी जास्त रुंद मोकळी जागा लागते.

जागा कमी पडली की शिडी सुरू होते. लाल छ१० वर आहे, च११ आधीच निळं आहे आणि निळ्याने आता छ११ घेतलं. लाल ज१० वर सरकतो, ज११ ची धमकी देतो. निळ्याला ज११ घ्यावंच लागतं. लाल झ१०, निळा झ११. काठापासून मोजलं तर लाल दुसऱ्या ओळीतून आणि निळा पहिल्या ओळीतून, असे दोघं काठाने पळत राहतात. पुढे काहीच नसेल तर लाल कोपऱ्यात जाऊन अडकतो. पण ट१० वर आधीपासून लाल सोंगटी असती, तर झ१० तिला चिकटली असती, आणि निळ्याने झ११ घेतल्यावर लालने ट११ घेऊन काठ गाठला असता. अशा सोंगटीला शिडीची सुटका म्हणतात.

शिडी सुरू करण्याआधी सुटका तयार हवी. सुटका नसताना पळत सुटणं ही मधल्या पातळीवरच्या खेळाडूंची सर्वांत महागडी सवय आहे, कारण त्या पळण्यात निळ्याची काठावर लांब रांग फुकटात बांधून होते. चांगला खेळाडू सुटकेची सोंगटी अशा घरात ठेवतो की तिथून आणखी एक धमकी उभी राहील. निळ्याला तिचं उत्तर द्यावं लागतं आणि सुटका जागेवर राहते.

अडवायचं कसं

समोरच्या सोंगटीला चिकटून अडवणं जवळजवळ कायम चूक असते. लाल छ६ वरून खाली येतोय आणि निळ्याने छ७ घेतलं, तर तो सहज च७ वरून निसटतो. एकदोन ओळी सोडून, पुढे थांबून अडवा, म्हणजे तो कुठल्याही बाजूला वळला तरी उत्तर द्यायला वेळ आणि जागा राहते. आणि अडवणारी सोंगटी आपल्या इतर सोंगट्यांशी जोडली जाईल अशी निवडा. एकट्या भिंतीला वळसा घालता येतो.

अटीतटीच्या वेळी एक पद्धत फार उपयोगी पडते. समोरच्याची जिंकण्याची एक पक्की वाट शोधा आणि तिला लागणारी सगळी घरं मनात खुणावा. मग दुसरी वाट शोधा, तिचीही घरं खुणावा. आपली खेळी दोन्ही याद्यांत असलेल्या घरांपैकीच एखादी असली पाहिजे. बाकी कुठेही खेळलो तर यातली एक वाट तशीच उरते. तिसरी वाट सापडली तर यादी आणखी लहान होते. पुष्कळदा एकच घर उरतं, आणि एकही उरलं नाही तर डाव हरलेला आहे हेही तिथेच कळतं.

शिकताना आकार वाढवत न्या. ३ बाय ३ वर मधलं ख२ घेऊन पाहा: वर ख१ आणि ग१, खाली क३ आणि ख३, दोन्हीकडे दोन दोन घरं, डाव तिथेच संपला. ५ बाय ५ वर पूल अंगवळणी पडतात. तिसऱ्या ओळीचा साचा ७ बाय ७ वर खऱ्या अर्थाने वापरता येतो, आणि शिडीला धावायला पुरेशी जागा ११ बाय ११ वरच मिळते. नॅश यांना १४ बाय १४ चा पट आवडायचा. तिथे डाव एका काठाच्या भांडणावर ठरत नाही. एका कोपऱ्यात ठेवलेली सोंगटी वीस खेळ्यांनंतर दुसऱ्याच लढाईत शिडीची सुटका ठरू शकते. पण त्या आकाराकडे वळण्याआधी अदलाबदलीच्या नियमासह ११ बाय ११ चे भरपूर डाव खेळा, आणि प्रत्येक हरलेल्या डावात सोंगट्या उचलण्यापूर्वी आपली साखळी नेमक्या कोणत्या खेळीला तुटली ते शोधून काढा.